वीस टन शेंगदाणे आणि सात एपिसोड

२००७ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या सीबीएस चॅनलच्या ऑफिसात शेंगदाणे यायला लागले. एक-दोन पाकिटं नाही, पोत्यांनी, आणि थांबेचनात. सगळा हिशेब झाला तेव्हा आकडा वीस टनांच्या पुढे गेलेला. कारण काय, तर 'जेरिको' नावाची सिरीज चॅनलने एका सीझननंतर बंद केली होती. अणुबॉम्ब पडून देश मोडून पडलाय आणि एक छोटं गाव स्वतःच्या जिवावर तग धरून आहे अशी ती गोष्ट, आणि शेवटच्या एपिसोडमध्ये शेजारचं गाव शरण या म्हणतं तेव्हा हिरो एकच शब्द बोलतो, 'नट्स'. हा शब्द दुसऱ्या महायुद्धातला. १९४४ च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या बास्तोन्य गावात वेढ्यात सापडलेल्या अमेरिकन जनरलने जर्मनांच्या निरोपाला हेच एका शब्दाचं उत्तर पाठवलं होतं, म्हणजे साधारण 'हट्, चालते व्हा'. आता नट्सचा दुसरा अर्थ दाणे. मग काय, पब्लिकने दाणेच पाठवले.

आणि चॅनल नमलं की. जूनमध्ये सीबीएसच्या मनोरंजन विभागाच्या प्रमुख नीना टॅसलर यांनी जाहीर पत्र लिहिलं की सात एपिसोड करतो, पुढचं प्रेक्षक किती वाढतात त्यावर, आणि खाली ताजा कलम, कृपा करून आता दाणे पाठवणं थांबवा. ते सात एपिसोड २००८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दाखवले, प्रेक्षक काही वाढले नाहीत, सिरीज पुन्हा बंद. बनवणाऱ्यांना वास आला असावा, कारण त्यांनी शेवट दोन शूट करून ठेवले होते, एक सिरीज चालू राहिली तर आणि एक संपली तर. संपण्याचा वापरावा लागला.

लोक हा किस्सा हसायला म्हणून सांगतात. मला मात्र बंद सिरीज परत आणा म्हणून जेवढ्या मोहिमा झाल्या त्या सगळ्यांची कुंडली या एका प्रकरणात दिसते. चाहते जीव तोडून मागतात, कधीकधी मिळतंही, पण मिळतं ती दुधाची तहान ताकावर. म्हणून माझं म्हणणं असं आहे की मोहीम करा, बिनधास्त करा, पण 'आमची सिरीज होती तशी टीव्हीवर परत आणा' ही मागणी सोडून द्या. कारण ही मागणी पुरी करणं चॅनलला फार सोपं असतं, नाव तेच ठेवायचं, पैसे कमी घालायचे, वेळ कुठलीतरी पडीक द्यायची, झालं, परत आणली ना? आता गप्प बसा.

हे मी लांब उभं राहून बोलत नाहीये बरं का. मी स्वतः अशा पिटिशनवर सह्या केल्यात, रात्री दोनला हॅशटॅग चालवलेत, आणि एका बंद पडलेल्या स्पेसशिपवरून शहाण्या माणसांशी भांडणं केलीत. 'जगात एवढे प्रश्न असताना तुम्हाला टीव्ही सिरीजचं पडलंय' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तरच देत नाही. जगात प्रश्न आहेत म्हणून कोणी गाणं ऐकायचं थांबतं का.

सगळ्या मोहिमांची आजी म्हणजे स्टार ट्रेकची, तिच्यापासून सुरुवात करू, कारण तिच्याबद्दल सगळ्यात जास्त फेकलं जातं. ८ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेतल्या एनबीसी चॅनलवर सुरू झालेली ही अंतराळयानाची सिरीज, दुसऱ्या सीझनमध्येच बंद होणार अशी कुणकुण लागली. बिजो ट्रिंबल आणि तिचा नवरा जॉन, दोघंही फॅन, यांनी एका सायन्स फिक्शन संमेलनाच्या यादीतली चारेक हजार नावं घेतली आणि प्रत्येकाला कळवलं की तुम्ही चॅनलला पत्र लिहा आणि आणखी दहा जणांना लिहायला लावा. व्हॉट्सॲप फॉरवर्डची पणजीच ती, फक्त इथे प्रत्येकाला कागद, पाकीट, तिकीट आणि पोस्टाची पेटी एवढे कष्ट होते. डिसेंबर १९६७ ते मार्च १९६८ या काळात चॅनलकडे जवळजवळ १ लाख १६ हजार पत्रं आली, त्यातली ५२ हजारांच्या वर एकट्या फेब्रुवारीत. कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेचे दोनशेच्या वर विद्यार्थी चॅनलच्या बरबँकच्या स्टुडिओवर मोर्चा घेऊन गेले, हातात 'व्हल्कन पॉवर' वगैरे पाट्या (व्हल्कन म्हणजे सिरीजमधली परग्रहावरची जमात). आणि ही सगळी आग अगदी आपोआप लागली होती असंही नाही, सिरीजचा कर्ता जीन रॉडनबेरी आतून पुरेपूर मदत करत होता. चॅनल खरंच बंद करणार होतं का यावरही अजून वाद आहे. ते असो. १ मार्च १९६८ ला एपिसोड संपल्यावर चॅनलने पडद्यावरच जाहीर केलं की सिरीज चालू राहणार. सूचक विनंती अशी होती की आता पत्रं पुरे. तर लोकांनी जवळपास तेवढीच आभाराची पत्रं पाठवली.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची सांगायला कोणाला आवडत नाही. तिसऱ्या सीझनला आधी सोमवारी संध्याकाळी साडेसातची वेळ कबूल केली होती, ती बदलून दिली शुक्रवारी रात्री दहाची. सिरीज कोण बघायचं? कॉलेजातली पोरं, शाळेतली पोरं. शुक्रवारी रात्री दहाला एक बाहेर भटकत असायची आणि दुसरी झोपलेली असायची. रॉडनबेरी वैतागून रोजच्या कामातून बाजूला झाला, खर्च कापला गेला, आणि तो सीझन बघितलेल्या कोणालाही विचारा, काही एपिसोड असे आहेत की कट्टर फॅनसुद्धा विषय बदलतो. ३ जून १९६९ ला शेवटचा नवा एपिसोड आला आणि त्यानंतर दीड महिन्याने माणूस चंद्रावर उतरला. म्हणजे अंतराळाचं वेड ज्या उन्हाळ्यात कळसाला पोचलं, नेमक्या त्याच उन्हाळ्यात ही सिरीज संपली. टायमिंग म्हणावं तर असं.

मग मोहीम फुकट गेली का? तर नाही, आणि इथे मला माझ्याच मुद्द्याला थोडा धक्का द्यावा लागतो. पहिल्या दोन सीझनचे मिळून ५५ एपिसोड होते. तिसऱ्याचे २४ धरून झाले ७९. आता अमेरिकेत जुन्या सिरीज गावोगावच्या लोकल टीव्ही स्टेशनना विकल्या जायच्या आणि ती स्टेशनं त्या रोज, ठरलेल्या वेळेला लावायची. रोज लावायची म्हणजे साठा हवा, ५५ एपिसोड अडीच महिन्यांत संपतात. ७९ हा आकडासुद्धा तोकडाच, पण चालून गेला. संध्याकाळी, पोरं घरी असायच्या वेळेला, रोज स्टार ट्रेक लागायला लागलं आणि खरी लाट तेव्हा आली. १९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला पहिलं मोठं संमेलन भरलं, भरवणाऱ्यांना काहीशे लोक येतील असं वाटलं होतं, आले हजारोंनी. सांगायचं हे की त्या पत्रांनी एक चांगला सीझन मिळवून दिला नाही, त्यांनी साठा मिळवून दिला. लिहिणाऱ्या एकाच्याही डोक्यात हे नव्हतं. जे जगलं ते जुने एपिसोड पुन्हा पुन्हा बघायला मिळाले म्हणून जगलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जाता जाता अजून एक. १९७६ मध्ये याच लोकांनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांना पत्रांनी हैराण केलं की नासाच्या पहिल्या स्पेस शटलला सिरीजमधल्या यानाचं नाव, 'एंटरप्राइझ', द्या. ठरलं होतं 'कॉन्स्टिट्यूशन', पण ऐकलं, ठेवलं. १७ सप्टेंबरला शटल हँगरमधून बाहेर आणलं तेव्हा सिरीजमधली नट मंडळी समोर रांगेत उभी. फोटो अजून फिरतो. फक्त ते शटल चाचणीसाठी बांधलेलं होतं, विमानाच्या पाठीवर बसवून वर न्यायचं आणि सोडून द्यायचं, घिरट्या घालत खाली. अंतराळात ते कधीच गेलं नाही. नाव मिळालं, उड्डाण नाही मिळालं. पाटीवर 'एंटरप्राइझ' लिहिलेलं बघून खूश होणारे आपण आणि 'सिरीज परत आली' ऐकून खूश होणारे आपण एकच.

इंग्लंडमध्ये काय वेगळं झालं? 'डॉक्टर हू' ही काळातून भटकणाऱ्या परग्रहावरच्या एका डॉक्टरची सिरीज १९६३ पासून चालू, आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये बीबीसीने सांगितलं की आता दीड वर्ष सुट्टी. फॅन खवळले, पेपरात मथळे आले, आणि काही मंडळींनी तर निषेधाचं गाणंच काढलं, सिरीजमधल्या नटांनाही गायला लावलं. ते गाणं अजून ऐकायला मिळतं, ऐकू नका. तर सिरीज परत आली १९८६ मध्ये. आधीच्या सीझनला ४५ मिनिटांचे १३ एपिसोड होते, आता मिळाले २५ मिनिटांचे १४. आकडा एकाने वाढला आणि एकूण वेळ चाळीस टक्क्यांनी घटली, हिशेब कसा गोड दिसतो बघा. त्यानंतर डॉक्टरचं काम करणारा नट बदलला, सिरीज नेली आठवड्याच्या मधल्या वारी, ती पण समोरच्या चॅनलवर 'कॉरोनेशन स्ट्रीट' लागायचं त्याच वेळेला. म्हणजे अख्खा देश जे बघतो त्याच्यासमोर उभं करायचं आणि मग म्हणायचं, बघा, कोणी बघत नाही. ६ डिसेंबर १९८९ ला शेवटचा एपिसोड झाला, आणि बंद केली असं कोणी कधी धड सांगितलंच नाही, येईल, येईल, बघू, असंच चालू राहिलं. १९९६ मध्ये मध्येच अमेरिकन पैशात एक टीव्ही फिल्म आली. इंग्लंडात नव्वद लाखांच्या आसपास लोकांनी बघितली, अमेरिकेत चालली नाही, विषय संपला.

आता १९८९ ते २००५ या सोळा वर्षांत फॅन लोकांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे, कारण माझ्या मते टीव्हीच्या इतिहासातली सगळ्यात यशस्वी मोहीम ती, आणि तिच्यात फलक, मोर्चा, दाणे यातलं काही नव्हतं. त्यांनी लिहायला घेतलं. १९९१ पासून डॉक्टरच्या नव्या कादंबऱ्या निघायला लागल्या आणि त्या लिहिणारे बरेचसे विशी-तिशीतले फॅन होते. १९९९ पासून जुन्याच नटांना घेऊन ऑडिओ नाटकं सुरू झाली, तीही फॅन लोकांचीच कंपनी. आणि २००३ मध्ये बीबीसीने सिरीज परत करायची ठरवली तेव्हा ती सोपवली रसेल टी डेव्हिसकडे, जो तोपर्यंत टीव्हीवरचा नाव कमावलेला लेखक झाला होता आणि ज्याने १९९६ मध्ये त्याच मालिकेत एक कादंबरी लिहिली होती. त्याने आपल्याबरोबर कोणाला घेतलं? पॉल कॉर्नेल, ज्याची १९९५ ची कादंबरी पुढे २००७ मध्ये दोन भागांचा एपिसोड झाली. रॉब शिअरमन, ज्याचं ऑडिओ नाटक ऐकून त्याला पहिल्याच सीझनमधला डालेकचा, म्हणजे डॉक्टरच्या जुन्या शत्रूचा, एपिसोड मिळाला. डालेकचा आवाज कोणाचा, तर निकोलस ब्रिग्ज, जो वर्षानुवर्षं ऑडिओ नाटकांत तोच आवाज काढत होता. सोळा वर्षं बंद असलेल्या दुकानाच्या मागच्या अंगणात लोक शांतपणे काम शिकत होते, शटर उघडलं तेव्हा तयार कारागीर उभे.

आणि २६ मार्च २००५ ला जी सिरीज परत आली ती जुनी नव्हतीच. चार-चार आठवडे लांबणारी २५ मिनिटांची प्रकरणं गेली, ४५ मिनिटांत संपणारी गोष्ट आली. डॉक्टर लेदर जॅकेटमध्ये, सोबतची मुलगी दुकानात काम करणारी, तिच्या आईलासुद्धा गोष्टीत जागा. जुन्यातल्या काहींनी नाकं मुरडली. पण पहिल्या एपिसोडला एक कोटीच्या वर प्रेक्षक होते, आणि ते नाकं मुरडणाऱ्यांच्या जिवावर आले नव्हते. डेव्हिसला सिरीज तोंडपाठ होती म्हणूनच काय फेकून द्यायचं ते त्याला कळलं, बाहेरून आणलेल्या एखाद्या मॅनेजरने एकतर सगळं तसंच ठेवलं असतं नाहीतर सगळंच फेकलं असतं.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या आणखी एका अंतराळयानाच्या सिरीजची गोष्ट याच्या उलटीकडून याच जागी येते. १९७८ ची मूळ सिरीज एका सीझनमध्ये बंद, फॅननी पत्रं लिहिली, चॅनलने परत आणली 'गॅलॅक्टिका १९८०' म्हणून. खर्च नको म्हणून सगळी गोष्ट आणून ठेवली त्या वेळच्या पृथ्वीवर, जुने नट बहुतेक गायब, दहा एपिसोडमध्ये खेळ खलास. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पुढे मूळ सिरीजमधला हिरो रिचर्ड हॅच यानेच सिरीज परत यावी म्हणून वर्षानुवर्षं धडपड केली, १९९९ मध्ये स्वतःचा पैसा घालून एक ट्रेलर बनवला. आणि जेव्हा २००३ मध्ये खरंच परत आली तेव्हा ती रोनाल्ड मूरने पार नव्याने लिहिलेली होती. स्टारबक नावाचं सिगार ओढणारं पुरुष पात्र आता बाई झालं होतं. काय दंगा झाला! हॅच स्वतः विरोधात होता. मग त्याने तीच सिरीज बघितली, मूरने त्याला भूमिका दिली, टॉम झारेक नावाचा एक धूर्त, पटणारा, चीड आणणारा राजकारणी, आणि माझ्या मते हॅचचं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ते आहे. ज्या माणसाने वीस वर्षं 'जुनंच परत आणा' म्हटलं त्याला नव्याने काय दिलं बघा. दंगा करणाऱ्यांचं ऐकलं असतं तर हे झालं असतं का?

म्हणून मोहिमेतले लोक 'खरे फॅन' आणि 'खोटे फॅन' सुरू करतात ना, तिथे माझं डोकं फिरतं. अमुक नटच हवा, तमुक पात्र पुरुषच हवं, युनिफॉर्मचा रंग तोच हवा. अरे, ही सिरीज परत आणायची मोहीम आहे की तिचा पुतळा उभारायची?

आता उलट बाजूचा मुद्दा, तो खोटा नाही. चॅनलवाले म्हणतात आम्ही धर्मादाय संस्था नाही, बघणारे नसतील तर परवडत नाही, एक लाख पत्रं म्हणजे एक लाख माणसं, आम्हाला कोटी लागतात. बरोबर आहे. पण आकडे कोण मोजतं आणि कसे मोजतं हाही प्रश्न आहे की नाही. 'द एक्स्पान्स' घ्या. २०१८ च्या मे महिन्यात तीन सीझननंतर सायफाय चॅनलने सोडून दिली. त्या चॅनलकडे हक्क फक्त टीव्हीवर पहिल्यांदा दाखवण्याचे होते, म्हणजे जो माणूस ठरलेल्या वेळेला टीव्हीसमोर बसेल तोच कामाचा, जो नंतर ऑनलाइन बघेल त्याचा पैसा दुसऱ्याच्या खिशात. आणि अंतराळातली सिरीज आवडणारी पब्लिक ठरलेल्या वेळेला टीव्हीसमोर बसते? म्हणजे सिरीज लोकप्रिय होती पण चुकीच्या खिडकीत उभी होती. फॅननी हे ओळखलं आणि मोहीम सायफायच्या दारात केलीच नाही, थेट गेले ॲमेझॉनकडे. सँटा मोनिकाला ॲमेझॉन स्टुडिओवरून बॅनर लावलेलं विमान फिरवलं, पिटिशनवर लाखाच्या वर सह्या. २५ मेला ॲमेझॉनच्या जेफ बेझोसने लॉस एंजेलिसच्या एका अंतराळविषयक परिषदेत, सिरीजचे नट समोर बसलेले असताना, सिरीज वाचली म्हणून सांगितलं. अजून तीन सीझन झाले, तेही चांगले झाले, निर्माते तेच, लेखक तेच. ही मोहीम मला पटते. कारण त्यांनी जुन्या मालकाच्या पाया पडण्यात वेळ घालवला नाही, नवीन खिडकी शोधली, आणि बैल गेल्यावर झोपा केला नाही, दोन आठवड्यांत धडक मारली.

पण यातही बोच आहेच. शेवटी एका अतिश्रीमंत माणसाला ती सिरीज आवडत होती म्हणून ती वाचली. त्याला नसती आवडली तर? सगळ्या गोष्टीचा मालक एक, आणि तिच्यावर प्रेम करणारे बाकीचे, अशी ही सगळी व्यवस्था आहे आणि ती कधी उघडी पडते तर फॅन स्वतः काही करायला जातात तेव्हा. २०१४ मध्ये काही लोकांनी वर्गणी गोळा करून 'ॲक्सानार' नावाची स्टार ट्रेकची फॅन फिल्म करायला घेतली, वर्गणी दहा लाख डॉलरच्या वर गेली, आणि २०१५ च्या शेवटी हक्कवाल्या कंपन्या कोर्टात गेल्या. आता वर्गणीतून स्टुडिओ थाटणं वगैरे जरा जास्तच होतं हे मलाही मान्य आहे. पण त्यानंतर २०१६ मध्ये जे नियम आले ते वाचा. फॅन फिल्म १५ मिनिटांची, दोन भाग केले तर मिळून ३० मिनिटांच्या आत, त्यापुढे मालिका चालवायची नाही. वर्गणी ५० हजार डॉलरच्या वर नाही. बाजारात अधिकृत युनिफॉर्म मिळत असेल तर तोच विकत घेऊन घालायचा. म्हणजे पत्रं लिहिणारा फॅन चालतो, टी-शर्ट घेणारा फॅन पळतो, पण कॅमेरा उचलला की वकिलाची नोटीस. ज्या अंगणात डॉक्टर हूवाले सोळा वर्षं शिकले ते अंगणच कुंपण घालून बंद केलं तर पुढचा डेव्हिस येणार कुठून? मोहीमच करायची तर या नियमांविरुद्ध करा ना. कोणी करत नाही, कारण त्यात आवडता नट पुन्हा बघायला मिळण्याचं गाजर नाही.

आणि दुसरी मागणी त्याहून साधी, ती मी वर स्टार ट्रेकच्या साठ्याबद्दल बोललो तिथून निघते. जे बनलंय ते बघायला मिळू द्या. साठ-सत्तरच्या दशकात बीबीसीने जागा आणि टेप वाचवायला जुने कार्यक्रम पुसून टाकले, डॉक्टर हूचे नव्वदच्या वर एपिसोड त्यात गेले, चित्र म्हणून ते आज नाहीतच. पण आवाज आहे. सगळ्यांचा आहे. का आहे, तर त्या काळात काही पोरं घरच्या टेपरेकॉर्डरचा माइक टीव्हीच्या स्पीकरसमोर धरून बसायची आणि घरातल्यांना पंचवीस मिनिटं तोंड उघडू द्यायची नाहीत. त्या टेपांवर आज ॲनिमेशन चढवून एपिसोड परत दाखवतात. बीबीसीला जे जपता आलं नाही ते पोरांनी जपलं, कोणाला न विचारता, आणि कायद्याने बघायला गेलं तर बहुधा गुन्हाच करत. माझ्या दृष्टीने याच्याएवढं फॅनचं काम कोणी केलेलं नाही.

आज ते करायचीसुद्धा सोय नाही. 'वेस्टवर्ल्ड' एवढी गाजलेली, एवढा पैसा ओतलेली सिरीज, २०२२ च्या शेवटी तिच्या स्वतःच्या कंपनीने स्वतःच्या ॲपवरून काढून टाकली. २०२३ मध्ये 'स्टार ट्रेक प्रॉडिजी' ही लहान मुलांसाठीची सिरीज बंद तर केलीच, वर आधीचे एपिसोडही ॲपवरून उतरवले, दुसऱ्या सीझनचं काम होत आलेलं असताना. फॅन ओरडले, नेटफ्लिक्सने घेतली, २०२४ मध्ये दुसरा सीझन दिसला, ठीक. पण पूर्वी सिरीज बंद व्हायची म्हणजे नवे एपिसोड यायचे थांबायचे. आता बंद होते म्हणजे ती होती याचा पुरावाच पुसला जातो. हिशेबात तोटा दाखवायला, नटांना-लेखकांना द्यावे लागणारे पुढचे पैसे वाचवायला, कारणं असतात त्यांची. मी बघत असलेली एक जुनी सिरीज, जिचं आणि ॲपचंही नाव मुद्दाम लिहीत नाही, दुसऱ्या सीझनच्या मधोमध असताना एका रात्रीत गायब झाली. सर्चमध्ये नाव टाकलं तर 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून एक कुकिंग शो. कस्टमर केअरला विचारलं तर उत्तर आलं की आमचा कंटेंट वेळोवेळी बदलत असतो. पैसे मात्र दर महिन्याला वेळेवर कापले जातात, त्यात बदल नाही.

गेल्या आठवड्यात एका मित्राने लिंक पाठवली. तीसेक वर्षांपूर्वीची एक स्पेसशिपवाली सिरीज, मूळ नटांना घेऊन परत आणा, सही कर म्हणाला. मूळ नटांपैकी दोघं आता नाहीत आणि बाकीचे सत्तरीला आलेत, पण ते जाऊ दे. सहज बघितलं तर ती सिरीज आज कुठल्याही ॲपवर पैसे देऊनही मिळत नाही, डीव्हीडी छापणं कधीच बंद झालंय. म्हणजे पिटिशनवर सही करणाऱ्या नव्या पोरांनी ती बघितलेलीच नसणार, ती कशाच्या आठवणीवर सही करतायत देव जाणे. सही केली मी, मैत्री आहे. खाली कारण लिहायला रकाना होता, त्यात टाकलं, आधी जुने एपिसोड बघायला द्या, नव्याचं मग बोलू. मित्राचा मेसेज आला, तू कायम असंच काहीतरी वाकडं लिहितोस.